कालव्याचा वाढदिवस

मंडळी, आज जरा वेगळा विषय. कालव्याचा वाढदिवस कोण साजरा करतं?

हसू नका, प्रश्न सीरियस आहे. २०३० साली धामापूरच्या तळ्याला ५०० वर्षं होतील. धामापूर आज सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यात. पण १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत ते आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, त्यामुळे आम्ही रत्नागिरीकर त्याच्यावर थोडा हक्क सांगणारच. १५३० साली बांध घालून अडवलेलं पाणी आणि त्याखाली पाटाने भिजणारी शेती. म्हणजे बाबर ज्या वर्षी गेला आणि पोर्तुगीजांनी आपली राजधानी कोचीनहून गोव्याला हलवली, त्या वर्षीचं काम. आणि ते अजून 'प्रॉडक्शन'मध्ये आहे! आमच्याकडे एखादी सिस्टीम पाच वर्षं जुनी झाली की तिला 'लेगसी' म्हणतात आणि ती बंद करायचं प्रपोजल घेऊन कुणीतरी हिंडायला लागतं.

तर एवढ्या जुन्या पाण्याचा वाढदिवस करायचा म्हणजे नक्की काय करायचं? भाषणं, मंडप, शाल-श्रीफळ, ड्रोनने काढलेला व्हिडिओ? हा किडा डोक्यात शिरला आणि मी दोन-तीन शनिवार-रविवार लोक कालव्यांचे वाढदिवस कसे करतात हेच वाचत बसलो. त्यात सगळ्यात भारी प्रकरण तमिळनाडूत सापडलं. आणि त्याचा हिरो निघाला जन्माने पुणेकर.

जॉन पेनिक्विक. १५ जानेवारी १८४१, जन्म पुणे. ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर. केरळात पेरियार नावाची नदी आहे, भरपूर पाण्याची, सह्याद्रीवरून पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाणारी. डोंगराच्या पलीकडे मदुराईची बाजू, वैगई नदीचं खोरं, तिथे कायमचा दुष्काळ. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर मद्रास सरकारने जुनी कल्पना पुन्हा बाहेर काढली: पश्चिमेला जाणारं पाणी वर डोंगरातच अडवायचं, बोगदा खणायचा आणि ते पूर्वेला सोडायचं. १८८६ साली त्रावणकोर संस्थानाशी करार झाला, तोही ९९९ वर्षांचा (करार लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास बघा). १८८७ ला काम सुरू झालं, १८९५ ला मुल्लपेरियार धरण पूर्ण झालं. जंगल, मलेरिया, पुरात वाहून गेलेलं काम, सगळं सोसून. पैसे संपले तेव्हा पेनिक्विकने इंग्लंडमधली बायकोची मालमत्ता विकून काम पुरं केलं, अशी कथा तिकडे घरोघरी सांगतात. कागदोपत्री तिला आधार नाही, पण लोकांना ती खरी वाटते, आणि माझ्या मते कागदांपेक्षा हेच जास्त बोलकं आहे.

कारण तेनी जिल्ह्यातल्या कंबम खोऱ्यात आजही १५ जानेवारीला लोक पेनिक्विकच्या नावाने पोंगल शिजवतात. त्याचा वाढदिवस नेमका पोंगलच्या दिवसांत येतो हा योगायोग. पण चुलीवर नव्या तांदळाचं मडकं उतू जाऊ देताना शेजारी एका गोऱ्या साहेबाचा फोटो, त्याला हार, आणि पोरांची नावंसुद्धा पेनिक्विक! लोअर कॅम्पला त्याचं स्मारक झालं ते २०१३ साली, सरकारी खर्चाने. शेतकऱ्यांचा पोंगल मात्र त्याच्या आधीपासूनचा.

डोंगराच्या अलीकडे केरळात मात्र त्याच धरणाचं नाव काढलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. सव्वाशे वर्षं उलटून गेलेलं चुन्या-सुरखीचं धरण, आणि त्याच्या खाली आपली घरं. त्यावरून दोन राज्यांची भांडणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. एकच धरण, पण वाढदिवस फक्त ज्याच्या शेतात पाणी पोचतं त्याच्या घरी.

आता हाच नकाशा उलटा धरा.

पेनिक्विकने पश्चिमेचं पाणी पूर्वेला नेलं. आपल्याकडे बरोब्बर उलटं झालं. कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जाणारं. ते अडवलं, सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढला आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली कोकणात टाकलं. पोफळीचं भूमिगत वीजघर १९६२ साली सुरू झालं. ते चिपळूण तालुक्यात, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात. तिथून पाणी वाशिष्ठीत, वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत आणि खाडीतून समुद्रात. कृष्णा लवादाने या कामासाठी पश्चिमेला वळवायला दिलेलं पाणी आहे वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. गुणाकार तुम्हीच करा.

इंजिनिअर म्हणून मला कोयनेचा अभिमान आहे, कितीही सांगितलं तरी कमी. १९९९ आणि २०१२ सालची 'लेक टॅपिंग' आठवा. भरलेल्या जलाशयाच्या तळाखालून बोगदा खणत यायचं, शेवटचा खडक शिल्लक ठेवायचा आणि पाण्याखालीच सुरुंग लावून तो उडवायचा. २५ एप्रिल २०१२ चा दुसरा स्फोट टीव्हीवर दाखवला होता. टाळ्या, पेढे, सत्कार, सगळं झालं. जे झालं ते योग्यच झालं.

पण चिपळुणात कोयनेच्या पाण्याच्या नावाने कोणी गोडधोड शिजवतं का? माझ्या तरी कधी कानावर आलं नाही. साडेसहा दशकं एक अख्खी नदी डोंगर फोडून आपल्या अंगणात येते आहे. चिपळूणचे नळ आणि लोट्याचे कारखाने तिच्यावर चालतात, भर उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती राहते ती तिच्यामुळे. तरी तिला आमच्याकडे नाव काय, तर 'अवजल'! म्हणजे वापरून झालेलं, उरलेलं पाणी. वीज काढून झाली, आता हे तुम्हाला. त्यातलं बहुतेक समुद्रालाच मिळतं. शेतात ते पाटाने आलं असतं तर कोणीतरी त्याची तारीख लक्षात ठेवली असती. कोयनेची जी तारीख लोकांना पाठ आहे ती ११ डिसेंबर १९६७, भूकंपाची. आणि चिपळूणला वाशिष्ठीची जी तारीख पाठ आहे ती २२ जुलै २०२१, महापुराची. त्या पुरानंतर मात्र लोक एकत्र आले. चिपळूण बचाव समितीने उपोषण केलं आणि नदीतला गाळ काढायला भाग पाडलं. नदीसाठी गाव रस्त्यावर उतरलं ते गाळासाठी.

शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांचं तर वेगळंच. शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली, माणसं रायगड-ठाण्यापर्यंत पांगली, आणि पुनर्वसनाची भांडणं नातवांच्या पिढीपर्यंत आली. त्यांनी कसला वाढदिवस करायचा?

याच ठिकाणी मला अमेरिकेतल्या ईरी कालव्याची आठवण येते. तो २०२५ मध्ये २०० वर्षांचा झाला. १८१७ ते १८२५ या काळात, बहुतांशी माणसांच्या आणि जनावरांच्या बळावर खणलेला, जवळजवळ ५८४ किलोमीटर लांब. उद्घाटनाला गव्हर्नर क्लिंटन 'सेनेका चीफ' नावाच्या बोटीतून निघाला, सोबत पिंपात ईरी सरोवराचं पाणी, आणि ते नेऊन ओतलं न्यूयॉर्कच्या समुद्रात. (काशीची कावड रामेश्वराला, तसंच काहीसं. पाण्याचे विधी माणसं सगळीकडे एकाच डोक्याने करतात.) २०२५ च्या शरदात तिकडच्या लोकांनी त्याच बोटीची प्रतिकृती बांधून तोच प्रवास पुन्हा केला. पण एक फरक केला. कालव्यामुळे ज्यांच्या जमिनी गेल्या त्या मूळ रहिवाशांच्या, हौडेनोसौनी लोकांच्या, परंपरेत पांढऱ्या पाइनला शांततेचा वृक्ष मानतात. बोट जिथे जिथे थांबली तिथे तिथे पांढऱ्या पाइनचं रोप लावलं. झाडाने जमीन परत मिळत नाही हे उघड आहे. पण ज्यांचं गेलं त्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत तरी आलं. कोयनेबद्दल मी एवढंही कुठे वाचलेलं नाही.

असो. धामापूरकडे वळू.

धामापूरचं तळं बांधलं नागेश देसाईंनी, विजयनगरच्या राज्याचे ते मांडलिक. आणि विजयनगरवाले तळी बांधण्यात बापमाणसं होती. दोमिंगो पाएस नावाचा पोर्तुगीज प्रवासी १५२० च्या सुमारास हंपीला होता. कृष्णदेवराय एक मोठं तळं बांधून घेत होता, त्याचं वर्णन त्याने करून ठेवलंय: पंधरा-वीस हजार माणसं कामाला, मुंग्यांसारखी, खालची जमीन दिसत नव्हती. बांध दोन-तीनदा फुटला, तेव्हा साठ माणसांचे, घोड्यांचे आणि रेड्यांचे बळी दिले, असंही तो लिहितो. प्रोजेक्ट फेल झाल्यावर बळी कोणाचा जातो, यात ५०० वर्षांत विशेष फरक पडलेला नाही, इतकंच म्हणतो :-)

पण माझा आवडता दस्तऐवज त्याहून जुना आहे. आंध्रातल्या पोरुमामिल्ला इथल्या तळ्याचा शिलालेख, साल १३६९. चांगल्या तळ्याला लागणाऱ्या बारा गोष्टी आणि तळ्याचे सहा दोष त्यात चक्क यादी करून कोरलेत. म्हणजे दगडावरचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट! दोषांमध्ये काय काय आहे बघा: बांधातून पाणी झिरपणं, खारी जमीन, पाणी थोडं आणि भिजवायची जमीन फार, पाणी फार आणि जमीन थोडी. आणि एक दोष असा की तळं दोन राज्यांच्या हद्दीवर असणं. मुल्लपेरियार, कृष्णा, कावेरी, सगळं त्या एका ओळीत आलं. रोज एक हजार मजूर आणि शंभर गाड्या, दोन वर्षं काम, असा हिशेबही तिथेच कोरलाय.

२०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत भारतातली चार नावं घातली. त्यात पोरुमामिल्ला आहे आणि आपलं धामापूरही आहे. तेव्हा पेपरात बातम्या आल्या, अभिनंदनाचे फलक लागले. त्याआधी तळ्याच्या काठावरच्या बांधकामांवरून प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं होतं, ते आता फारसं कोणी बोलत नाही.

धामापूरला जाऊन आला असाल तर तुम्हाला माहीत असेल. दाट झाडीचे डोंगर, मध्ये हिरवट पाणी, काठावर भगवतीचं देऊळ. मालवण शहराचा नळही याच तळ्यावर. आणि ती दंतकथा: पूर्वी घरात लग्न निघालं की लोक परडीत फुलं घालून तळ्यात सोडायचे, तळं त्यांना सोन्याचे दागिने द्यायचं. लग्न झालं की दागिने परत. एकदा कोणीतरी परत केले नाहीत आणि तळ्याने देणं बंद केलं.

ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मला तो चोर कोण हे शोधायचं होतं. आता वाटतं, दागिने म्हणजे पाणीच. सगळ्यांचं आहे, गरजेला घ्या, नंतर तुमच्या वाट्याचं परत करा. आणि पाण्याच्या बाबतीत परत करायचं म्हणजे काय ते कोकणातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ते सांगतील, पाट साफ करायचा.

माझं आजोळ गुहागर तालुक्यात. नारळी-पोफळीचं आगर, डोंगरातून येणारा पऱ्या आणि त्यावर दर वर्षी घालायचा बंधारा. पावसाळ्यात तो टिकणं शक्यच नसतं. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, उतार तीव्र, नद्या आखूड. पश्चिम महाराष्ट्रासारखे शंभर-दीडशे किलोमीटरचे कालवे कोकणात का नाहीत, त्याचं उत्तर यातच आहे. इथे कालवा म्हणजे हातभर रुंदीचा पाट आणि तो दर वर्षी नव्याने जन्माला येतो. दिवाळी झाली की घरटी एक माणूस. दगड, फांद्या, पेंढा, चिखल. बंधारा उभा राहिला की पाट उकरायचा, डोंगराच्या कडेकडेने. मध्ये घळ आली की पोफळीचं खोड चिरून केलेली पन्हळ टाकायची. उतार इतका कमी की पाणी चालतंय की थांबलंय कळू नये. लेव्हल बघायला यंत्र नाही. थोडं खणायचं, पाणी सोडायचं, ते जाईल तिकडे पुढे खणायचं. मी सर्व्हेइंगचा पेपर पास झालेल्या मित्रांना हे सांगतो तेव्हा ते गप्प होतात.

शेवटच्या आगरापर्यंत पाणी पोचलं की नारळ फुटायचा, देवाला गाऱ्हाणं, मग सगळ्यांना पोहे. त्या दिवसाला नाव नव्हतं, कॅलेंडरात तो नव्हता, पण मला विचाराल तर तोच कालव्याचा वाढदिवस. आणि दुसऱ्या दिवसापासून भांडणं! पाळी कोणाची, कोणी रात्री दारं फोडलं, कोणाच्या आळ्यात पाणी तुंबलं. न येणाऱ्या घराची पहिली पाळी कापायची, असा नियम होता. कडक, पण सगळ्यांनी मिळून केलेला. खानदेशातल्या फड पद्धतीतही असंच आहे. तिथे पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी असतो आणि पाट साफ करायची जबाबदारी सगळ्या शेतकऱ्यांची. बांध घालणारा राजा विसरला तरी चालतो, पाळीचा नियम विसरून चालत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीजची पार्टी एकदाच होते, मेंटेनन्स कायमचा, आणि त्याला कोणी केक कापत नाही. जुन्या लोकांनी मेंटेनन्सलाच सण केला होता.

आजोळचा बंधारा शेवटचा घातला त्याला पंधराएक वर्षं झाली. भांडण झालं नाही, कोणी मुद्दाम बंद केला नाही. एकेकाने विहीर पाडली, पंप बसवला, बटण दाबलं की पाणी. ज्याचं त्याचं. सोय झाली हे खरंच, आणि मामीला रात्री दोनच्या पाळीला कंदील घेऊन जावं लागत नाही हे तर फारच चांगलं झालं. त्या दिवसांबद्दल हळवं व्हायचा हक्क तिला आहे, मला नाही.

मागच्या महिन्यात मामाशी फोनवर बोलताना मी सहज विचारलं, "मामा, आता बंधारा घालायचा म्हटलं तर माणसं मिळतील का हो?"

"माणसं मिळतील रे. गणपतीला मुंबईहून येतात तेवढी आली तरी पुरे. पण येतील कशाला? ज्याच्या त्याच्या विहिरीत पाणी आहे."

मग थोडं थांबून म्हणाला, "आहे म्हणजे, एप्रिलपर्यंत."

आणि मग बाकीचं बाहेर आलं. गेली दोन-तीन वर्षं एप्रिल संपता संपता पंप अर्ध्या तासात हवा ओढायला लागतो. मी म्हटलं, पाऊस तर कमी नाही. नाहीच. पण आमचा जांभा चाळणीसारखा. पाट वाहायचा तेव्हा त्यातलं निम्मं पाणी वाटेतच झिरपायचं, आणि आम्ही पोरं त्याला गळती म्हणायचो. ती गळती डिसेंबरपासून महिनोन्‌महिने खालच्या विहिरींना भरत होती. ज्या विहिरींमुळे पाट बंद झाला, त्या विहिरी बऱ्याच अंशी पाटावरच जगत होत्या!

तर धामापूरचे ५०० वर्षांचे आयोजक जे कोणी असतील त्यांना माझी एकच सूचना. तारीख मे महिन्यातली, पर्यटकांच्या सोयीची नको. पाऊस संपल्यावरची धरा, आणि सकाळी भाषणांच्या आधी पाटात उतरायचा कार्यक्रम ठेवा. पालकमंत्र्यांसकट.

आमचं म्हणाल तर मामाने वाडीत विचारलं. चार घरं हो म्हणाली, दोन बघू म्हणाली, एकाने विचारलं सबसिडी आहे का. मी डिसेंबरात चार दिवस सुट्टी टाकली आहे. बंधाऱ्यापासूनचा पहिला शंभर-दोनशे फूट पाट मोकळा होतो का बघायचं, झाडं माजलीत त्यात. कोणाला यायचं असेल तर सांगा. राहायची सोय होईल, जेवण मामीच्या हातचं. कोयता आणि फावडं मात्र आपापलं आणा.